राहिलेलं बी.कॉम. पूर्ण करायचंय? आधी जुळवणी पत्रक मांडा

निकालांचा हंगाम आला की व्हॉट्सअ‍ॅपवर एका ठरावीक अर्थाचा निरोप फिरायला लागतो. शिक्षण अर्धवट राहिलंय? तुमची जुनी वर्षं आता क्रेडिटच्या बँकेत जमा आहेत, एका वर्षात पदवी घ्या. खाली एक मोबाइल नंबर आणि तीन हात जोडलेले.

हा निरोप ज्यांना टोचतो ते लोक मी रोज बघतो. टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरवर दहा-बारा वर्षं बसलेले, सीएच्या ऑफिसात शंभर-दीडशे पार्ट्यांची जीएसटी रिटर्नं सांभाळणारे, पतसंस्थेत किंवा साखर कारखान्याच्या हिशेब खात्यात चिकटलेले. कामात वाघ, पण बायोडेटात ‘बी.कॉम. अपिअर्ड’, म्हणजे परीक्षेला बसलो पण पदवी नाही. वडील गेले, लग्न झालं, नोकरी लागली, किंवा मॅथ्स-स्टॅट्सचा पेपर तिसऱ्यांदाही निघाला नाही म्हणून नाद सोडला. दरवर्षी ठरवतात, यंदा पूर्ण करून टाकू.

त्या निरोपात एक गोष्ट खरी आहे, एक बहुतेकांसाठी चुकीची आहे आणि एक कुणासाठी खरी तर कुणासाठी चक्क फसवणूक. कोणती कुठली, हे कळायला थोडं मुळापासून जावं लागेल. वाचणारे हिशेबाचेच लोक आहेत, म्हणून दाखलेही तिथलेच घेतो.

## ‘टी.वाय. राहिलं’ म्हणजे नक्की काय राहिलं?

पदवी अर्धवट असलेल्या माणसाला विचारलं की तो सांगतो, ‘टी.वाय. राहिलं.’ टी.वाय. म्हणजे पदवीचं तिसरं वर्ष, एस.वाय. दुसरं, एफ.वाय. पहिलं. या एवढ्याशा उत्तरात तीन वेगवेगळ्या अवस्था दडलेल्या असतात. एकाने तिन्ही वर्षं कॉलेज केलेलं असतं, फक्त दोन विषय अडकलेले असतात. दुसऱ्याने एस.वाय. पास होऊन टी.वाय.ला प्रवेशच घेतलेला नसतो. तिसऱ्याला वाटतं की आपलं टी.वाय. राहिलंय, आणि कागद काढून पाहिले तर एफ.वाय.चीच एक केटी, म्हणजे न सुटलेला विषय, अजून उघडी असते. तिघांचे रस्ते वेगळे, खर्च वेगळा, लागणारा काळ वेगळा.

म्हणून पहिलं काम प्रवेशाचा फॉर्म भरण्याचं नाही. बँक जुळवणी पत्रक कसं करतो? आपल्या रोकडवहीत एक शिल्लक असते, बँकेच्या पासबुकात दुसरी, आणि फरकाची कारणं एकेक करून शोधायची असतात. इथेही तेच. आपल्या डोक्यातली शिल्लक एक, विद्यापीठाच्या दप्तरातली दुसरी.

सगळ्या गुणपत्रिका काढा, मूळ नसतील तर झेरॉक्स चालेल. एका कागदावर प्रत्येक वर्षाचे विषय लिहा आणि पुढे मार्क, लेखी आणि इंटर्नल वेगवेगळे. मग कॉलेजच्या किंवा विद्यापीठाच्या परीक्षा विभागात पीआरएन, म्हणजे तुमचा कायमचा नोंदणी क्रमांक, दाखवून त्यांच्याकडे काय दिसतंय ते विचारा. फरक निघतोच. पुनर्मूल्यांकनात मार्क वाढून विषय सुटला होता, पण तो बदल मुख्य नोंदीत चढलाच नाही. कॉलेजने इंटर्नलचे मार्क पाठवले नाहीत म्हणून पास विषयापुढे गैरहजर दिसतंय. वटला नाही अशा धनादेशासारखी ही प्रकरणं असतात. आपण लिहून मोकळे झालेलो असतो, समोरच्याकडे पोचलेलं नसतं.

बायकांच्या बाबतीत एक फरक जवळजवळ ठरलेला. गुणपत्रिका माहेरच्या नावाची, आधार सासरच्या नावाचं. पूर्वी विवाह प्रमाणपत्र जोडून काम भागायचं. आता ऑनलाइन नोंदणीत आधारवरचं आणि विद्यापीठाकडचं नाव अक्षरन् अक्षर जुळावं लागतं, आणि काही ठिकाणी नावबदलाचं राजपत्र मागतात. याला वेळ लागतो. प्रवेशाच्या शेवटच्या आठवड्यात हे लक्षात आलं तर वर्ष गेलंच म्हणून समजा.

## क्रेडिट म्हणजे जमा नव्हे

पुढचं कळायला एकच तांत्रिक शब्द लागतो: क्रेडिट, मराठीत श्रेयांक. हिशेबनीसाने नावे-जमेतला जमा क्षणभर विसरायचा. इथलं क्रेडिट हे अभ्यासाचं माप आहे. दूध लिटरवर मोजतात, तसा अभ्यास क्रेडिटवर.

एक क्रेडिट म्हणजे साधारण ३० तासांचं शिकणं. त्यात वर्ग, वाचन, स्वाध्याय, परीक्षेची तयारी सगळं आलं. वर्षाला साधारण ४० क्रेडिट धरतात आणि तीन वर्षांच्या पदवीला किमान १२० लागतात. आता हा गुणाकार आपल्या घड्याळात बसवून बघा. ४० गुणिले ३० म्हणजे वर्षाला १२०० तास, आठवड्याला २३ च्या आसपास. नोकरी करून रोज सव्वातीन तास, रविवार धरून.

घाबरू नका, प्रत्यक्षात एवढे क्वचितच लागतात. जो माणूस रोज व्हाउचर टाकतो त्याला खतावणी म्हणजे काय हे शिकायला तीस तास कशाला लागतील? पण अर्थशास्त्र, व्यवसाय कायदा, सांख्यिकी यांना ते लागतील, आणि कदाचित जास्तच. सांगायचं एवढंच की ‘रविवारी थोडं वाचून काढू’ हा अंदाज दरवर्षी हजारोंना बुडवतो.

## क्रेडिटची बँक खरी आहे, पण तुमचे जुने पैसे तिथे नाहीत

नवीन शैक्षणिक धोरण २०२० साली आलं. त्यानंतर विद्यापीठ अनुदान आयोगाने, म्हणजे यूजीसीने, २०२१ मध्ये क्रेडिटच्या बँकेचे नियम काढले. कल्पना चांगली आहे. तुम्ही मिळवलेले क्रेडिट तुमच्या नावावर एका डिजिटल खात्यात पडतात. कॉलेज सोडलं, गाव बदललं, चार वर्षांनी परत आलात, तरी ते तिथेच असतात आणि दुसरं विद्यापीठ ते बघून पुढचा प्रवेश देऊ शकतं. खात्याचा नंबर बारा आकडी, ‘अपार’ नावाने ओळखला जातो, डिजिलॉकरमधून काढता येतो. निरोपातली खरी गोष्ट ती ही.

चुकीची गोष्ट याच्या पोटात आहे. या बँकेत २०२१-२२ या शैक्षणिक वर्षापासून पुढे मिळवलेले क्रेडिटच जमा होतात. तुम्ही २००८ साली एफ.वाय. आणि २००९ साली एस.वाय. पास झाला असाल, तर ते मार्क इथे नाहीत आणि येणारही नाहीत. त्या काळी बहुतेक ठिकाणी वार्षिक परीक्षा असायची, क्रेडिट ही भानगडच नव्हती. जमा झालेल्या क्रेडिटलाही मुदत आहे, जास्तीत जास्त सात वर्षं. बचत खात्यापेक्षा हे मोबाइलच्या रिचार्जसारखं आहे.

मधेच बाहेर पडण्याची सोयही नव्या धोरणात आहे. एका वर्षानंतर प्रमाणपत्र, दोन वर्षांनी पदविका, तीन वर्षांनी पदवी. यूजीसीच्या आराखड्यानुसार बाहेर पडलेल्याने तीन वर्षांत परत यायचं आणि सुरुवातीपासून सात वर्षांच्या आत पदवी पूर्ण करायची. शिवाय पहिल्या किंवा दुसऱ्या वर्षानंतर बाहेर पडताना चार क्रेडिटचा एक व्यावसायिक अभ्यासक्रम वेगळा करावा लागतो, नुसतं वर्ष पास होऊन प्रमाणपत्र हातात पडत नाही. महाराष्ट्रातल्या बहुतेक संलग्न महाविद्यालयांत हे धोरण २०२४-२५ पासून पहिल्या वर्षाला लागू झालं. म्हणजे ही सगळी सोय आत्ता शिकणाऱ्या मुलांसाठी आहे. पंधरा वर्षांपूर्वी कॉलेज सोडलेल्यांसाठी नाही.

## मग जुने मार्क वाया गेले?

लगेच तसं म्हणता येत नाही. बँकेत नसलं तरी तुमच्या मूळ विद्यापीठाच्या दप्तरात ते आहेत आणि तिथले नियम वेगळे असतात.

सर्वसाधारण चौकट अशी की पदवीचा काळ अधिक दोन वर्षं, म्हणजे तीन वर्षांच्या पदवीला पाच, एवढ्यात पूर्ण करा. पण विद्यापीठं मधूनमधून परिपत्रक काढून जुन्या विद्यार्थ्यांना एक शेवटची संधी देतात. जुना अभ्यासक्रम बंद झाला असेल तर नव्यातला समकक्ष विषय ठरवून देतात. समजा, तुमचा २०१० सालचा कॉस्टिंगचा पेपर राहिलाय आणि त्या नावाचा पेपर आता नाही, तर तक्त्यात बघून त्याच्या जागी कुठला पेपर द्यायचा ते सांगतात. अशी परिपत्रकं वर्तमानपत्रात चार ओळींत येतात आणि मुदत जेमतेम पंधरा दिवसांची असते. परीक्षा विभागातल्या एखाद्या माणसाशी ओळख ठेवणं हा यावरचा जुना, लाज न बाळगण्यासारखा उपाय.

दोनच विषय राहिले असतील तर याच दारावर चिकाटीने बसा. माझं मत विचाराल तर इथे एखादं वर्ष वाट बघणंसुद्धा परवडतं. दुसरीकडे गेलात तर पुन्हा तीन वर्षं, आणि पुन्हा ते फाउंडेशन कोर्सचे निबंध.

## पुन्हा सुरुवात करायचीच असेल तर कुठे?

वर्षच्या वर्षं राहिलेल्यांना, किंवा जुनी संधी संपलेल्यांना, साधारण दोन वाटा आहेत.

पहिली, जिला आपण अजूनही ‘बाहेरून करणं’ म्हणतो. मुंबई विद्यापीठाने पत्रव्यवहाराने शिकवण्याचा विभाग १९७१ साली सुरू केला, तोच पुढे ‘आयडॉल’ म्हणून ओळखला गेला. दिल्लीचं इंदिरा गांधी मुक्त विद्यापीठ, म्हणजे इग्नू, १९८५ चं. नाशिकचं यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ १९८९ चं. पुणे आणि कोल्हापूरच्या विद्यापीठांनीही दूरशिक्षणाची दारं उघडलेली आहेत. नाशिकच्या मुक्त विद्यापीठाचं एक वेगळेपण म्हणजे बी.कॉम. मराठीतून करता येतं, आणि अभ्यासकेंद्रं तालुक्या-तालुक्यात पसरलेली. ज्यांना बिझनेस कम्युनिकेशनच्या इंग्रजीनेच लोळवलं होतं त्यांनी हे नीट लक्षात घ्यावं. इग्नूमध्ये ३० टक्के गुण स्वाध्यायांना आणि ७० टक्के सत्रान्त परीक्षेला असतात. स्वाध्याय घरी बसून लिहायचे, पण वेळेत द्यायचे. बहुतेकांची गाडी तिथेच अडते, परीक्षा द्यायला सगळे तयार असतात.

दुसरी वाट प्रत्यक्ष कॉलेजची, सकाळच्या किंवा रात्रीच्या. मुंबईत हिची परंपरा जुनी आहे. डॉ. आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीचं सिद्धार्थ महाविद्यालय १९४६ मध्ये सुरू झालं, तेच मुळी नोकरी करणाऱ्यांना सकाळी शिकून कामावर जाता यावं या विचाराने. आजही सकाळी सातच्या तासाला बसून दहाची लोकल पकडणारी मंडळी आहेत. मात्र हजेरी लागते, आणि पस्तिशीत अठरा वर्षांच्या मुलांत बसायचं धाडस लागतं. दोन्ही असेल तर ही वाट सरस, कारण समोर शिकवणारा माणूस असतो.

पहिल्या वाटेने जाताना एक गोष्ट न चुकता तपासायची. दूरशिक्षणाचा प्रत्येक अभ्यासक्रम यूजीसीच्या दूरशिक्षण विभागाच्या यादीत असावा लागतो, आणि तोही त्या-त्या वर्षासाठी. नुसतं विद्यापीठाचं नाव असून भागत नाही. २०२४-२५ पासून दूरस्थ किंवा ऑनलाइन प्रवेशाला या विभागाचा ओळख क्रमांक, म्हणजे डेब आयडी, काढावा लागतो. तो काढताना आधी ते अपारचं खातं लागतं. म्हणजे बँकेत जुनं काही नसलं तरी खातं उघडावंच लागणार.

## ‘चार वर्षांची झालीय ना पदवी आता?’

नाही. तीन वर्षांची पदवी अजून आहे आणि पदवीच आहे. चौथं वर्ष ऑनर्ससाठी, ते ऐच्छिक. ज्याला फक्त ‘पदवीधर’ व्हायचंय त्याने त्या वाटेला जाऊ नये.

## ‘बाहेरून केलेली पदवी चालते का?’

हा प्रश्न सर्वात जास्त विचारला जातो, बहुतेक वेळा सासरच्यांकडून. यूजीसीच्या २०२० च्या नियमांत आणि सप्टेंबर २०२२ च्या सूचनेत हे सरळ म्हटलंय: मान्यताप्राप्त विद्यापीठाने दूरस्थ किंवा ऑनलाइन पद्धतीने दिलेली पदवी नेहमीच्या पदवीच्या बरोबरीची. सरकारी नोकरी, बँकेची परीक्षा, एम.कॉम., सगळीकडे चालते.

खाजगी कंपनीत कुणी नाक मुरडेल, नाही असं नाही. पण पंधरा वर्षं अनुभव असलेल्या माणसाला कुणी कॉलेजचं नाव विचारत बसत नाही. विचारतात ते पदवी आहे का एवढंच, कारण संगणकावर अर्ज भरतानाच त्या रकान्यात ‘नाही’ टाकलं की पुढचं पान उघडत नाही. आखाती देशांत जाणाऱ्यांनी मात्र सावध असावं. तिथे पदवीचं साक्षांकन लागतं आणि दूरस्थ पदवीबद्दल काही ठिकाणी जास्तीचे प्रश्न येतात. दुबईचा विचार असेल तर प्रवेश घेण्याआधी तिथल्या नोकरीच्या एजंटाला नव्हे, तिथे काम करणाऱ्या एखाद्या गाववाल्याला विचारा.

## ‘हेच तर मी रोज करतो, मग नापास कसा होईन?’

होतात. आणि गंमत म्हणजे अकाउंट्समध्येच होतात. याचं कारण समजून घेण्यासारखं आहे.

टॅलीत बोटं पाठ असतात. एफ-५ पेमेंट, एफ-६ रिसीट, एफ-७ जर्नल. नोंद टाकली की खतावणी, तेरीज, ताळेबंद सगळं आपोआप तयार. आपण ते करत नाही, यंत्र करतं, आपण फक्त बरोबर खातं निवडतो. दहा वर्षं रिक्षात मागे बसलेल्याला सगळे रस्ते ठाऊक असतात, पण हँडल हातात दिलं की पहिल्याच वळणाला घोटाळा होतो, तसं हे आहे. परीक्षेत समोर कोरा कागद असतो. येणारी वस्तू नावे, जाणारी वस्तू जमा. घेणारा नावे, देणारा जमा. खर्च-तोटा नावे, उत्पन्न-नफा जमा. अकरावीत घोकलेलं हे पुन्हा हाताने उतरवावं लागतं, आणि शेवटी दोन्ही बाजू जुळवाव्या लागतात. तिथे टॅली लाल अक्षरात चूक दाखवत नाही.

दुसरं असं की कामावरचा हिशेब अरुंद असतो. कापड दुकानाचं जीएसटी करणाऱ्याने भागीदार निवृत्त झाल्यावर ख्यातीचं मूल्य कसं काढतात हे आयुष्यात पाहिलेलं नसतं. कंपन्यांचं एकत्रीकरण, परतफेडीचे अग्रहक्क भाग, प्रक्रिया परिव्यय, सीमांत परिव्यय, ना नफा ना तोट्याचा बिंदू ही प्रकरणं तालुक्याच्या ऑफिसात येतच नाहीत. तर परीक्षेत नेमकी तीच असतात.

तिसरं थोडं नाजूक आहे. व्यवहारात लागलेल्या सवयी पुस्तकात चुकीच्या असतात. मालकाच्या घरचं वीजबिल आपण गुपचूप दुकानाच्या खर्चात घेतो. पेपरात ते उचल म्हणून दाखवावं लागतं. घसारा आपण आयकराच्या दराने लावतो, पेपरात प्रश्नात दिलेल्या पद्धतीने लावायचा असतो. अनुभवी माणूस प्रश्न नीट न वाचता अनुभवाने सोडवतो आणि चार मार्क घालवतो.

तरीही अनुभवाचा फायदा मोठा आहे, तो वेगळीकडे मिळतो. लेखापरीक्षण, करप्रणाली, व्यवसाय कायदा हे विषय कॉलेजच्या पोरांना कोरडे वाटतात. तुम्हाला त्यातल्या प्रत्येक कलमामागे एक पार्टी आठवते. ऑडिटमधलं व्हाउचिंग म्हणजे काय हे त्यांना पाठ करावं लागतं, तुम्ही दर सप्टेंबरात त्यापायी जेवणं चुकवलेली असतात. म्हणून अभ्यासाचा वेळ उलटा वाटा: जे रोज करता ते कागदावर सोडवायचा सराव, जे कधीच केलं नाही त्याला बहुतेक तास, आणि कायदा-ऑडिटला शेवटचे दोन आठवडे.

काम करून मिळवलेल्या अनुभवालाच क्रेडिट द्यावेत, ही कल्पना २०२३ च्या राष्ट्रीय क्रेडिट आराखड्यात आहे. बारा वर्षं हिशेब लिहिणाऱ्याला एफ.वाय.चा अकाउंट्सचा पेपर माफ व्हावा हे कुणालाही पटेल. प्रवेशाच्या खिडकीवर जरूर विचारा. पण त्या भरवशावर यंदाचा प्रवेश पुढे ढकलू नका.

## मार्च एंडिंग आणि परीक्षा एकाच महिन्यात

हिशेबाच्या माणसाचा खरा शत्रू अभ्यासक्रम नव्हे, पंचांग आहे. दर महिन्याच्या ७ तारखेला टीडीएस, म्हणजे कापून घेतलेला आयकर, भरायचा, मग जीएसटीची दोन रिटर्नं: ११ ला जीएसटीआर-१, २० ला ३बी. मार्चमध्ये वर्षअखेर, मे अखेर टीडीएसचं चौथ्या तिमाहीचं रिटर्न, जुलैत आयकराची गर्दी, सप्टेंबरात ऑडिट. आणि विद्यापीठाच्या परीक्षा साधारण दिवाळीच्या आगेमागे आणि मार्च ते मेमध्ये. बारावीची मुलं जेव्हा अभ्यासाच्या सुट्टीवर असतात, तेव्हा आपण रात्री अकराला स्टॉक स्टेटमेंट मागत फोन करत असतो.

यातून वाट काढायची तर पंचांग उघडूनच. दर महिन्याला ३बी गेलं की २१ पासून महिनाअखेरीपर्यंत काम थोडं सैल पडतं. हे नऊ-दहा दिवस रोज तीन तास धरले तर महिन्याला तीस तास होतात, म्हणजे एक क्रेडिट. ७ ते २० या काळात नवीन काही वाचायला घेऊच नका, फार तर जुनी गणितं सोडवा. वर्षाचा मोकळा पट्टा म्हणजे दिवाळी संपल्यापासून फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत. जड विषय तिथेच संपवायचे. मार्चमध्ये पुस्तक उघडण्याचा संकल्प करणाऱ्याने आजवर एकही मार्च नीट पाहिलेला नाही, असंच मी म्हणेन.

इग्नूच्या सत्रान्त परीक्षा जून आणि डिसेंबरला असतात. हिशेबाच्या लोकांना हे वेळापत्रक इतरांपेक्षा सोयीचं पडतं, विशेषतः डिसेंबर. तिथे सगळे पेपर एकाच बैठकीत द्यायचा आग्रह नसतो. सहापैकी चार जूनला, दोन डिसेंबरला असं तोडता येतं. ‘एका दमात सगळं काढून टाकू’ ही भाषा ज्यांच्याकडे नोकरी नाही त्यांची.

आणि साहेबांना जानेवारीतच सांगा. मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात हॉलतिकीट दाखवून रजा मागितली तर सीएसाहेबांचा चेहरा कसा होतो हे मी पाहिलंय. जानेवारीत सांगितलं तर तेच साहेब ‘माझी जुनी पुस्तकं घेऊन जा’ म्हणतात.

## ‘या वयात पदवी घेऊन करायचं काय?’

प्रामाणिक उत्तर: काही दारं उघडतील, काही बंद झालेली असतील. बँक क्लार्कच्या परीक्षेला खुल्या गटात वय २० ते २८. एमपीएससीच्या राज्यसेवेला खुल्या गटात कमाल ३८, मागासवर्गीयांना ४३. चाळिशीत पदवी घेऊन यांच्याकडे बघू नका.

पण हिशेबाच्या धंद्यात वयाची अट नसलेली दोन दारं आहेत आणि माझ्या मते ती जास्त मोलाची. एक, जीएसटी प्रॅक्टिशनर. नोंदणीच्या नियमात वाणिज्य, कायदा, बँकिंग, व्यवसाय व्यवस्थापन अशा शाखांची पदवी लागते. आज तुम्ही साहेबांच्या लॉगिनने शंभर रिटर्नं भरता. पदवी मिळाली तर स्वतःच्या नावाने नोंदणी करून गावात स्वतःची पाटी लावता येते. फरक केवढा आहे ते रिटर्नमागे पार्टी साहेबांना किती देते आणि तुम्हाला पगार किती मिळतो, यावरून तुम्हीच काढा.

दुसरं दार सीएचं. कॉमर्सच्या पदवीला ५५ टक्के असतील तर फाउंडेशन परीक्षा न देता थेट इंटरमीडिएटला नोंदणी होते. इतर शाखांच्या पदवीधरांना ६० टक्के लागतात. चाळिशीत सीए होणं कठीण आहे, हे गोड बोलून लपवण्यात अर्थ नाही. पण तिशीत आहात आणि मनात असेल, तर पदवी नुसती ‘पास क्लास’ काढू नका. हे ५५ टक्के पहिल्या दिवसापासून डोळ्यांसमोर ठेवा. पुढे लक्षात आलं तर मार्क वाढवायला परत बसावं लागतं आणि सगळीकडे ती सोय नसते.

## एका वर्षात पदवी देणारे

आता त्या निरोपातली तिसरी गोष्ट. ज्याची खरोखर दोनच केटी आहेत, त्याच्यासाठी एका वर्षात पदवी शक्य आहे. ज्याचं एफ.वाय.ही झालेलं नाही त्याला एका वर्षात तीन वर्षांची पदवी देतो म्हणणारा माणूस कागद विकतो. देशात पदवी देण्याचा अधिकार कुणाला, हे १९५६ च्या यूजीसी कायद्यात लिहिलेलं आहे, आणि ठरलेल्या किमान काळाआधी ती देता येत नाही. असे लोक मागच्या तारखेच्या गुणपत्रिकाही काढून देतात. आपण हिशेबाचे लोक, मागच्या तारखेचं बिल कसं दिसतं ते आपल्याला कुणी शिकवायला नको. पडताळणीत ते सापडतं, आणि मग पदवीबरोबर असलेली नोकरीही जाते.

ओळखायची खूण साधी आहे. मुक्त विद्यापीठाची वर्षाची फी काही हजारांत असते आणि ती विद्यापीठाच्याच खात्यात भरायची असते. कुणी ‘पॅकेज’ सांगून स्वतःच्या फोनवर पैसे पाठवायला लावलं की तिथेच थांबा.

## निकाल लागला, पुढे?

गुणपत्रिकेवर ‘उत्तीर्ण’ आलं की लोक पेढे वाटून मोकळे होतात. पदवीचं प्रमाणपत्र मात्र बऱ्याच विद्यापीठांत आपोआप घरी येत नाही. पदवीप्रदान समारंभासाठी वेगळा अर्ज आणि फी भरावी लागते, तीही ठरलेल्या मुदतीत. मुदत गेली तर पुढच्या समारंभापर्यंत वाट.

आणि इथे पुन्हा त्या जुळवणी पत्रकाकडे येतो. कागद काढायला बसलेल्यांपैकी एखाद्याच्या बाबतीत असंही निघतं की त्याचे सगळे विषय केव्हाच सुटलेले आहेत. शेवटच्या केटीचा निकाल उशिरा लागला, तोवर हा नोकरीला पुण्याला निघून गेलेला, निकाल बघायला कुणी गेलंच नाही. इतकी वर्षं बायोडेटात ‘अपिअर्ड’ लिहिलं, आणि पदवी विद्यापीठाच्या कपाटात पडून.